डॅशबोर्ड हिरवागार, गेटवर गाड्या उभ्या : कुबरनेटिसवरच्या इंटिग्रेशनचं मॉनिटरिंग कसं लावलंय तुम्ही?

शिरोलीफाटा | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पोळलोय म्हणून लिहितोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी कंपनी आहे, ८ जणांची. गिऱ्हाइकं म्हणजे शिरोली आणि कागल एमआयडीसीतल्या फाउंड्र्या. त्यांचं ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) एकीकडे, ज्यांना कास्टिंग जातं त्या गाडी कंपन्यांची पोर्टलं दुसरीकडे, ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आणि ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायचा ऑनलाइन कागद) तिसरीकडे. या तिघांमधली हमाली आमची ॲप्स करतात. एकूण ११ ॲप्स, अपाचे कॅमलवर (एका सिस्टिमचा डेटा दुसरीत न्यायची लायब्ररी) लिहिलेली, क्वार्कसवर (जावाची चौकट) चालणारी. गेल्या दिवाळीपर्यंत एकाच सर्व्हरवर एकच दांडगं ईएसबी (सगळी देवाणघेवाण एका जागी करणारं सॉफ्टवेअर) होतं. हॉटिओ (कॅमलच्या आत बघायचं वेब पान) उघडलं की सगळे रूट, म्हणजे डेटाच्या वाटा, एका पानावर. आता त्याचे तुकडे करून कुबरनेटिसवर (सर्व्हरच्या जथ्यावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप्स चालवणारी व्यवस्था) नेलेत. एकेका ॲपचे दोन-दोन पॉड (चालू प्रती), उद्या तीन होतील, रात्रीत एखादा मरून दुसरा उभा राहतो. हॉटिओ अजूनही चालतं, पण एका वेळी एका पॉडच्या पोटात डोकावण्यापुरतं.

तर प्रसंग असा. मागच्या महिनाअखेरीला, शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास डिस्पॅचमधनं फोन. "दादा, तीन गाड्या भरून उभ्या हायत, बिलच येईना." ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी : ५ कोटींच्या वर उलाढाल असली की ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. वरून आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) येत नाही तोवर बिल छापता येत नाही आणि राज्याबाहेर जाणारा ५० हजारांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. आमचा एक रूट अडला की खराखुरा ट्रक अडतो.

मी ग्राफाना (आलेखांचा डॅशबोर्ड) उघडलं. पॉड सगळे हिरवे. सीपीयू ८ टक्के. मेमरी निवांत. एरर शून्य. मोठ्या आत्मविश्वासानं फोनवर सांगितलं, "आमच्याकडनं सगळं ओके आहे."

४० मिनिटांनी कळलं की ३७ बिलं डेड लेटरच्या (पोचू न शकलेल्यांच्या) रांगेत पडलीत. गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समध्ये कुणीतरी पोर्टलचा पासवर्ड बदलला होता, आमच्या सिक्रेटमध्ये (कुबरनेटिसमधली पासवर्ड ठेवायची जागा) जुनाच. टोकन (लॉगिनचा तात्पुरता पास) नव्यानं घ्यायची वेळ आली आणि आम्हाला दारातनं परत पाठवलं. रूटनं ३ वेळा प्रयत्न केला, जमलं नाही, बिल मुकाट्यानं बाजूला ठेवलं आणि पुढच्याला हात घातला. ड्रायव्हर लोकांनी गेटवरच स्वयंपाक मांडला होता म्हणे.

डॅशबोर्ड माझाच, म्हणजे नेटवरनं उतरवलेला तयार साचा. त्यात नोड (सर्व्हर), पॉड, जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) सगळं आहे. "बिलं जातायत का?" एवढंच नाही.

तुम्ही काय मोजता? कॅमलचे आकडे प्रोमिथियसमध्ये (आकडे गोळा करून साठवणारं सॉफ्टवेअर) नीट येतात का? आणि रात्री दोनला फोन वाजणार नाही असे अलर्ट लावता येतात का?

---

रंकाळाकट्टा | सोमवार, रात्री १०.३१

"आमच्याकडनं सगळं ओके आहे" 😂 आयटीतला राष्ट्रीय मंत्र. वाखू (वाचनखूण) साठवली, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

खासबाग_आखाडा | सोमवार, रात्री ११.०५

तुमचा एरर शून्य दिसला ते बरोबरच होतं, भावा. कॅमलच्या लेखी एररच झाला नव्हता.

कॅमल दोन वेगळे आकडे ठेवतो. एक 'फेल्ड', दुसरा 'फेल्युअर्स हँडल्ड'. डेड लेटर चॅनल लावलं किंवा ऑन एक्सेप्शनमध्ये हँडल्ड ट्रू केलं की बिघडलेला एक्स्चेंज (रूटमधनं जाणारा एकेक निरोप) दुसऱ्या खात्यात जातो. रूटनं अपवाद सांभाळला, विषय संपला, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडं कुस्ती बरोबरीत सोडवली की कुणाच्या नावावर हार लागत नाही, तसलाच प्रकार. पण गावाला निकाली कुस्ती बघायची असते.

तयार साच्यांतल्या एररच्या पॅनेलवर बहुतेक वेळा फेल्डच असतो. हँडल्डचा आलेख आजच लाव. आणि डेड लेटरच्या रांगेत किती पडलंय ते रांगेकडनंच विचार, ॲपकडनं नको. ॲप मेलं तरी रांग खरं बोलते.

एक आगाऊ सल्ला : डेड लेटरला 'कचरापेटी' म्हणायची सवय असेल तर मोड. आमच्याकडं एका पोरानं दर रविवारी ती रांग रिकामी करणारा जॉब लावला होता. स्वच्छतेची आवड.

---

गगनबावडा | मंगळवार, सकाळी ८.२०

मी पुण्यात असते, हेच काम करते, माहेर कोल्हापूर. शिरोलीफाटा, आधी आकडे खरंच येतायत का ते बघा. प्रोमिथियसमध्ये टार्गेट्सचं (ज्यांच्याकडून आकडे घ्यायचे त्यांच्या यादीचं) पान उघडा. तुमची अकराच्या अकरा ॲप्स तिथे 'अप' दिसतात का?

---

शिरोलीफाटा | मंगळवार, सकाळी ९.४८

ताई, बघितलं. लाज वाटते सांगायला. अकरापैकी चार दिसतात. त्यातली दोन लाल, ४०४ (पत्ता सापडला नाही) म्हणतायत. उरलेली सात यादीतच नाहीत. सर्व्हिस मॉनिटर (आकडे कुठनं घ्यायचे ते प्रोमिथियसला सांगणाऱ्या नोंदी) तर सगळ्यांचे आहेत!

---

गगनबावडा | मंगळवार, सकाळी १०.३५

लाज कसली, सगळ्यांचं असंच होतं. माझे दोन दिवस यातच गेले होते.

४०४ वाली दोन : क्वार्कस आकडे 'स्लॅश क्यू स्लॅश मेट्रिक्स' या पत्त्यावर देतं. सर्व्हिस मॉनिटरमध्ये पत्ता लिहिला नाही तर प्रोमिथियस नुसत्या 'स्लॅश मेट्रिक्स'ला जाऊन दार वाजवतो. स्प्रिंग बूटवालं एखादं ॲप असेल तर त्याचा पत्ता आणखी वेगळा, ॲक्च्युएटरच्या खाली.

यादीत नसलेली सात : सर्व्हिस मॉनिटर पोर्ट ओळखतो तो नावानं. सर्व्हिसच्या यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) पोर्टला नुसता ८०८० आकडा असेल आणि नाव नसेल तर तो गप्प बसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दुसरं, तुम्ही हेल्मनं (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) प्रोमिथियसचा पूर्ण संच बसवला असेल तर तो मुळात 'रिलीज' हे लेबल असलेलेच सर्व्हिस मॉनिटर उचलतो. ते लेबल नसेल तर तुमचा सर्व्हिस मॉनिटर क्लस्टरमध्ये नांदतोय, पण सासरच्यांनी ओळख द्यायला नकार दिलाय.

हे दोन्ही ठीक असेल तर नेटवर्क पॉलिसी (कुणी कुणाशी बोलायचं त्याचे नियम) बघा. पण माझी पैज पोर्टच्या नावावर.

---

शिरोलीफाटा | मंगळवार, दुपारी १२.१०

पैज जिंकलात. सातपैकी पाचांना नाव नव्हतं, दोघांना लेबल नव्हतं. आता अकराही हिरवे. पुढच्या खेपेला कोल्हापुरात आलात की मिसळ माझ्याकडून.

म्हणजे गेले सहा महिने सात ॲप्सच्या जागी मी काय बघत होतो? पॉडचे आकडे कुबरनेटिसकडनं यायचे, म्हणून आलेख भरलेला दिसायचा.

---

साठमारी | मंगळवार, दुपारी १.०२

आमचं ओपनशिफ्ट (रेड हॅटचं कुबरनेटिस) आहे, तिथली गंमत वेगळी. मॉनिटरिंग आयतं मिळतं, पण ते क्लस्टरचं स्वतःचं. आपल्या प्रोजेक्टचे आकडे घ्यायचे तर ॲडमिननं क्लस्टर मॉनिटरिंगच्या कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंगच्या यादीत) 'एनेबल युजर वर्कलोड' ट्रू करावं लागतं. मुळात ते बंद असतं. आमचे ॲडमिन साहेब मुंबईत. त्या एका ओळीसाठी तिकीट टाकून ११ दिवस वाट बघितली. आणि ४.११ पासून त्यातलं आयतं ग्राफानाही गेलं, ते आपलं आपण बसवायचं.

हॉटिओही सोडू नका हो. आकडा सांगतो की अमुक रूट तुंबलाय, पण रूटच्या आत नेमकी कुठली पायरी अडली ते बघायला तेच बरं. ऑनलाइन हॉटिओला पॉड सापडायला हवा तर कंटेनरच्या पोर्टचं नाव 'जोलोकिया' असावं लागतं. इथेही नावच!

---

जुना_खोंड | मंगळवार, दुपारी ३.४०

एक विचारू? ११ ॲप्ससाठी प्रोमिथियस, ग्राफाना, अलर्टमॅनेजर, ऑपरेटर एवढा लवाजमा हवाच का? आम्ही दर १५ मिनिटांनी एक क्वेरी चालवतो : ईआरपीत झालेली बिलं वजा आयआरएन आलेली बिलं. शून्यापेक्षा जास्त आली की मेल. सहा वर्षं चाललंय. कुबरनेटिसच्या नावातच कुबेर आहे, महिन्याचं बिल बघितलं की पटतं.

---

खासबाग_आखाडा | मंगळवार, दुपारी ४.१५

खोंडकाका, तुमची क्वेरी हाच खरा डॅशबोर्ड आहे, मी चेष्टा करत नाही. पण 'अडलंय' एवढंच ती सांगते. कुठं, कधीपासनं, पोर्टल हळू झालंय का आपला पॉड गळपटलाय, हे कसं कळणार?

---

जुना_खोंड | मंगळवार, दुपारी ४.२२

लॉग बघून.

---

खासबाग_आखाडा | मंगळवार, दुपारी ४.२४

पॉड मेला की कंटेनरचे लॉगही त्याच्याबरोबर. कुठंतरी बाहेर गोळा करत असशील तरच. सर्व्हरवरची ती फाइल आता नाही काका.

---

जुना_खोंड | मंगळवार, दुपारी ४.५०

हा मुद्दा मान्य. बाकीचे नाही.

---

प्रयाग_चिखली | मंगळवार, रात्री ९.१५

वाचून राहवलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण घर चिखलीत, पूररेषेच्या आत. आमच्याकडं जुलै लागला की सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट, बास. ३९ इशारा, ४३ धोका. ३९ ला आम्ही जनावरं हलवायच्या तयारीला लागतो, ४३ ची वाट बघत नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासनं तर नाहीच.

डॅशबोर्डला हेच पायजे. वर एक आकडा, ज्याचा अर्थ गेटवरच्या माणसालाही कळतो : किती बिलं अडकलीत. आणि त्याला दोन पातळ्या. आम्ही अलर्टला शब्दच ते ठेवलेत, 'इशारा' आणि 'धोका'. इशारा चॅटच्या ग्रुपवर जातो, धोक्याला फोन वाजतो. इशाऱ्याला फोन वाजवायला लागलात तर महिन्याभरात सगळे फोन सायलेंटवर.

पण नुसते फूट बघून उपयोग नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते आम्ही आधी बघतो, कारण ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो, तेवढीच आम्हाला सवड. तुमच्याकडं ती जागा रांगेची. काफ्का (निरोपांच्या रांगा सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर कन्झ्युमर लॅग, म्हणजे किती उचलायचं राहिलंय ते. लॅग चढायला लागला म्हणजे दरवाजे उघडलेत, अजून गेटवर कुणाला कळलेलं नाही.

आणि तिसरं, पाणी आणलं कुणी? पंचगंगा आमच्या संगमाला होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, एकेकीवर पाऊस वेगळा. म्हणून वरच्या आकड्याखाली रूटवार फोड. एवढ्या तीन ओळींच्या खाली सीपीयू-मेमरी टाका, कुणी खाली उतरलं तर बघेल.

---

रंकाळाकट्टा | मंगळवार, रात्री ९.३०

नाद खुळा! ३९ आणि ४३ आजच आमच्या टीमला लागू. 😄

---

गगनबावडा | मंगळवार, रात्री १०.०८

प्रयाग_चिखली, प्रतिसाद आवडला. त्यात एकच भर. नदीची पातळी रात्रीही असते, बिलं मात्र रात्री नसतात. 'गेल्या १० मिनिटांत बिलं शून्य' असा अलर्ट लावलात तर सुट्टीच्या दिवशी वेड लागेल. त्यापेक्षा रांगेतल्या सगळ्यात जुन्या बिलाचं वय मोजा. रांग रिकामी असेल तर वय शून्य, मग मध्यरात्र असो की दुपार. ते ५ मिनिटांच्या वर गेलं तर इशारा, १५ च्या वर गेलं तर धोका. आमच्याकडचे खोटे अलर्ट या एका बदलानं जवळजवळ संपले.

क्वेरी लिहिताना हमखास होणाऱ्या दोन चुका :

पॉड पुन्हा चालू झाला की त्याचा काउंटर (वाढतच जाणारा आकडा) शून्यावर येतो. रेट फंक्शन (वाढीचा वेग काढणारं) हे ओळखून सांभाळून घेतं, पण एकेका पॉडचा काउंटर त्याच्या हातात दिलात तरच. आधी सगळ्यांची बेरीज करून मग रेट काढलात तर एका पॉडची घसरण बेरजेत मुरते आणि आलेखावर भलतेच डोंगर उगवतात. आधी रेट, मग बेरीज. रेटची खिडकीही स्क्रेपच्या (आकडे घ्यायच्या) अंतराच्या चौपट तरी ठेवा. ३० सेकंदांनी आकडे घेत असाल तर २ मिनिटं.

आणि पोर्टलला लागणाऱ्या वेळाची सरासरी काढू नका. नव्वद बिलं पाव सेकंदात आणि दहा बिलं ३० सेकंदांत गेली तर सरासरी सव्वातीन येते, आणि तेवढा वेळ एकाही बिलाला लागलेला नसतो. हिस्टोग्राम (वेळा गटांत, म्हणजे बादल्यांत, मोजणारा) चालू करून ९५वा पर्सेंटाइल (शंभरातली ९५ बिलं ज्याच्या आत गेली तो वेळ) बघा. दोन पॉडच्या पर्सेंटाइलची सरासरीही काढायची नाही, दोघांच्या बादल्या एकत्र करून मग पर्सेंटाइल.

---

शिरोलीफाटा | बुधवार, सकाळी ७.५५

काल रात्री उत्साहाच्या भरात एक शहाणपणा केला. बिल क्रमांक प्रोमिथियसच्या आकड्याला लेबल (जोडायची चिठ्ठी) म्हणून टाकला, म्हटलं कुठलं बिल अडलंय ते थेट आलेखावरच दिसेल. सकाळी बघतो तर प्रोमिथियसच मेलेला. एक्झिट कोड १३७.

---

साठमारी | बुधवार, सकाळी ८.१०

आई गं. प्रत्येक वेगळ्या लेबलाची वेगळी मालिका होते आणि चालू मालिका सगळ्या मेमरीत असतात. दिवसाला हजार बिलं म्हणजे एकेका मेट्रिकला हजार नव्या मालिका, त्यात हिस्टोग्राम असेल तर गुणिले बादल्या. १३७ म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलनं उचलला.

लेबल फक्त मोजक्या किमतींची : रूट, गिऱ्हाईक, कारण. बिल क्रमांकाची जागा लॉगमध्ये किंवा ट्रेसमध्ये (एकेका बिलाच्या प्रवासाची नोंद).

---

जुना_खोंड | बुधवार, सकाळी ८.३०

मी काही बोललो नाही हां.

---

खासबाग_आखाडा | बुधवार, सकाळी ९.१२

प्रोमिथियस मेला तेव्हा तुला अलर्ट आला का? नाही ना. मॉनिटरिंग त्याच क्लस्टरवर असलं की राखणदार आणि चोर एकाच खोलीत.

प्रोमिथियसच्या तयार संचात 'वॉचडॉग' नावाचा एक अलर्ट असतो, तो कायम वाजत असतो. लोक वैतागून बंद करतात. बंद करू नको, क्लस्टरबाहेरच्या एखाद्या सेवेला पाठव आणि तिला सांग, हा यायचा थांबला की मला फोन कर. मिलचा भोंगा वाजला नाही की अख्खी पेठ घड्याळाकडं बघायची, तसं.

आणि दोन किरकोळ. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचंच जपून ठेवतो. तुझा सगळा ताण महिनाअखेरीला, मग मागच्या महिनाअखेरीशी ताडून बघणार कसं? ४० दिवस कर. दुसरं, कुबरनेटिसचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी चालणारी कामं) बहुतेक क्लस्टरवर यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) चालतात. रात्री २ म्हणून लिहिलेला जॉब सकाळी साडेसातला, ऐन पहिल्या पाळीत येतो. १.२७ पासून टाइमझोनची सोय पक्की झालीय, एशिया स्लॅश कोलकाता लिहून टाक.

---

शिरोलीफाटा | बुधवार, सकाळी ९.२०

साडेसात!! अरे म्हणजे रोज सकाळी पोर्टल हळू होतं म्हणून आम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडायचो तो आमचाच ताळेबंदाचा जॉब होता का?

---

खासबाग_आखाडा | बुधवार, सकाळी ९.२१

😐

---

शिरोलीफाटा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.३०

अपडेट देतो, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

नवीन पान केलं. वरच्या ओळीत तीनच आकडे : आवक, जावक, अडकलेली. ऑफिसातल्या आवक-जावक रजिस्टरचेच शब्द, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आवक ईआरपीकडनं मोजतो, जावक आयआरएन आल्यावर, आणि अडकलेली म्हणजे खोंडकाकांची वजाबाकी. हो काका, तुमचीच क्वेरी, फक्त आता तिचा आकडा दर मिनिटाला प्रोमिथियसमध्ये येतो. त्याखाली सगळ्यात जुन्या बिलाचं वय, ५ ला इशारा, १५ ला धोका. मग रूटवार फोड, त्यात हँडल्डचा आलेख लाल. जेव्हीएम वगैरे तळाला.

पासवर्डचंही केलं. टोकन मिळालं नाही की त्याचा वेगळा काउंटर आणि थेट धोका, कारण ते आपोआप सुटत नाही. तो काउंटर ॲप चालू होतानाच शून्यावर मांडून ठेवलाय. पहिल्यांदा चुकलो होतो : पहिल्या चुकीलाच मालिका जन्माला यायची, ती थेट १ पासनं, आणि रेटला शून्यावरनं एकवर गेल्याचं दिसायचंच नाही.

एका फाउंड्रीत डिस्पॅचच्या केबिनमध्ये जुना टीव्ही पडून होता, त्यावर वरची ओळ लावून दिली. शुक्रवारी दुपारी तिथल्याच मामांचा फोन. "दादा, अडकलेली दोन दाखवतंय, वय नऊ झालंय, पिवळं पडलंय. गाडी भरायला लावू का थांबू?" माझ्या ग्रुपवर इशारा येऊन चार मिनिटं झाली होती, मी जेवत होतो, बघितलाच नव्हता.

दोन्ही बिलांत गिऱ्हाइकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नव्हतं. अकाउंट्सनं दुरुस्त केलं, अकराव्या मिनिटाला गेली.

एक शंका उरलीय. दुरुस्त केलेलं बिल डेड लेटरमधनं परत सोडलं की आवक दोनदा मोजली जाते, वजाबाकीत १ कायम राहतो. कसं टाळता?

---

गगनबावडा | रविवार, संध्याकाळी ७.०५

परत सोडताना हेडरमध्ये खूण टाका आणि खूण असेल तर आवक वाढवू नका. शिवाय बिल क्रमांकावर आयडेम्पोटंट कन्झ्युमर (तेच दुसऱ्यांदा आलं तर गाळणारा) लावून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी तेच बिल दोनदा पोर्टलला जाईल आणि डुप्लिकेट आयआरएनचा एरर घेऊन परत येईल. मात्र त्याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा. पॉडच्या मेमरीत ठेवलीत तर दुसऱ्या पॉडला पत्ता नसतो.

पुढच्या शनिवारी येतेय. मिसळीचं लक्षात आहे.